जुन्या घरगुती संगणकांवरील खेळांची वेष्टने आणि जाहिराती : ती अक्षरे नेमकी कुठून आली?

वेलांटी

नमस्कार मंडळी,

१९७७ ते १९९० या काळातील घरगुती संगणकांवरील खेळांची वेष्टने आणि तेव्हाच्या इंग्रजी संगणक-मासिकांतील जाहिराती मी सध्या अभ्यासासाठी गोळा करत आहे. त्यांतील चित्रांविषयी बरेच लेखन झालेले आहे. अटारीच्या सुरुवातीच्या खोक्यांवरील क्लिफ स्पोन यांची चित्रे, मँचेस्टरच्या ओशन सॉफ्टवेअरसाठी बॉब वेकलिन यांनी रंगवलेली वेष्टने, 'क्रॅश' मासिकाची ऑलिव्हर फ्रे यांची मुखपृष्ठे यांचे चाहते आजही जगभर आहेत. अक्षरांकडे मात्र त्या मानाने फारच थोड्यांनी पाहिले आहे, आणि ही उपेक्षा मला खटकते.

माझे मत असे आहे की, त्या काळी खेळ विकण्याचे निम्मे काम अक्षरांनीच केले. झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती संगणकाच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके मावत, आणि ८×८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग वापरता येत. अशा पडद्यावर जे दाखवता येत नव्हते, ते ग्राहकाच्या मनात दुकानातच उभे करण्याची जबाबदारी वेष्टनावर येत असे. चित्रातला प्रसंग जवळ गेल्यावर उलगडे. पण खेळ अंतराळातला आहे, भुताखेतांचा आहे की मोटारशर्यतीचा, हे चार पावलांवरून कळे ते शीर्षकाच्या वळणावरून.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही शीर्षके तयार टंकांतून, म्हणजे छपाईच्या अक्षरसंचांतून, जुळवलेली असत की प्रत्येक खेळासाठी हाताने रेखाटलेली? आणि मध्येच फुगलेली, चौकोनी कोपऱ्यांची जी अक्षरे पाहताच आपण 'ही संगणकाची अक्षरे' असे म्हणतो, ती मुळात संगणकाशी कशी जोडली गेली?

खिळाकार

उत्तम विषय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर बँकेत सापडते.

अमेरिकेत १९५० च्या दशकात धनादेशांची संख्या इतकी वाढली की ते हाताने वर्ग करणे बँकांना अशक्य होऊ लागले. बँक ऑफ अमेरिकेसाठी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने धनादेश वाचणारे यंत्र विकसित केले आणि जनरल इलेक्ट्रिकने ते प्रत्यक्षात उभे केले. त्यातून ई-१३बी हा अंकसंच पुढे आला. हे अंक चुंबकीय शाईने छापतात. यंत्रातून कागद सरकताना प्रत्येक अंकातील शाईच्या कमी-अधिक वाटपामुळे वाचकशीर्षात वेगवेगळी लहर उमटते आणि त्या लहरीवरून यंत्र अंक ओळखते. अंकांची एखादी बाजू अकारण जाड वाटते, तिचे कारण हेच आहे. त्या जाडीचा डोळ्यांच्या सोयीशी काहीही संबंध नाही. प्रत्येक अंकाची लहर दुसऱ्यापेक्षा निराळी राहावी, एवढाच तिचा हेतू आहे.

१९६० च्या दशकात सामान्य माणसाच्या हाती यंत्रासाठी घडवलेला एकच मजकूर नियमितपणे येत असे, आणि तो म्हणजे धनादेशाच्या तळाची ही पट्टी. संगणक त्याने पाहिलेला नव्हता, त्याचे अंक मात्र पाहिले होते. संगणक म्हणजे अशी अक्षरे, हे समीकरण तिथे रुजले. पहिले घरगुती संगणक बाजारात आले, तोपर्यंत ते समीकरण चांगले दहा-पंधरा वर्षांचे झालेले होते.

मुळामुठा

आत्ताच कपाटातून धनादेशपुस्तिका काढून पाहिली. धनादेश क्रमांक आणि नऊ अंकी एमआयसीआर संकेतांक अगदी त्याच वळणाचे आहेत. इतकी वर्षे सह्या करताना ही पट्टी नजरेखालून गेली, पण तिचा आणि खेळांच्या खोक्यांचा संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते.

एक शंका आहे. धनादेशावर तर केवळ अंक असतात. मग अक्षरे कुठून आली?

खिळाकार

मुळामुठा, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ई-१३बी मध्ये एकूण १४ चिन्हे आहेत : दहा अंक आणि बँकेच्या कामासाठी लागणारी चार खास चिन्हे. ए ते झेड ही अक्षरे त्यात नाहीतच. ती टंकरचनाकारांनी कल्पनेने घडवली.

ब्रिटनमध्ये लिओ मॅग्ज यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात 'वेस्टमिन्स्टर' घडवला. त्याला नावही बँकेचेच मिळाले. बॉब न्यूमन यांचा 'डेटा ७०' हा टंक घासून उतरवायच्या अक्षरांचे ताव विकणाऱ्या लेट्रासेटने १९७० मध्ये बाजारात आणला. अमेरिकेतील व्हिज्युअल ग्राफिक्स कॉर्पोरेशनचा 'मूर कॉम्प्युटर' १९६८ चा आहे. कॉलिन ब्रिग्नल यांचा 'काउंटडाउन' (१९६५) आणि स्टॅन डेव्हिस यांचा 'अमेलिया' हे त्याच वातावरणातले असले, तरी त्यांनी धनादेशाच्या अंकांची नक्कल केलेली नाही. 'अमेलिया'त तर कोपरे इतके गोलसर आहेत की तो टंक यंत्रापेक्षा त्या दशकातील भित्तिचित्रांना अधिक जवळचा वाटतो.

यांपैकी एकही टंक धनादेश वाचणाऱ्या यंत्राला वाचता येत नाही. यंत्राने वाचण्यासाठी खरोखर केलेली पूर्ण अक्षरमाला पाहायची असेल, तर १९६८ चे ओसीआर-ए पाहावे, किंवा त्याच वर्षीचे, ॲड्रियन फ्रुटिगर यांनी माणसाच्या डोळ्यांचाही विचार करून घडवलेले ओसीआर-बी पाहावे. 'वेस्टमिन्स्टर' आणि त्याची भावंडे माणसांनी माणसांसाठी काढलेली यंत्राची कल्पनाचित्रे आहेत.

टेपरेकॉर्डर

खिळाकार यांच्या माहितीबद्दल मनापासून आभार; मात्र तिचा खेळांच्या वेष्टनांशी लावलेला संबंध मला अर्धाच पटतो.

आमच्या घरी डीबी स्पेक्ट्रम प्लस होता. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन तो भारतात आणला होता. त्या निमित्ताने लागलेले वेड अजून टिकून आहे, आणि माझ्याकडे खेळांच्या व इतर कार्यक्रमांच्या ब्रिटिश कॅसेटींचा बऱ्यापैकी संग्रह आहे. काल रात्री तो पुन्हा चाळला. 'डेटा ७०' किंवा 'वेस्टमिन्स्टर' या वळणाची अक्षरे मला सापडली ती मुख्यतः हिशेबाच्या व शिकवणीच्या कार्यक्रमांवर, अगदी सुरुवातीच्या साध्या दुरंगी वेष्टनांवर आणि टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या जाहिरातींत. १९८३ नंतरच्या खेळांच्या शीर्षकांत ती जवळजवळ नाहीत. तिथे चकाकत्या धातूची, दगडात कोरलेली, ज्वाळा निघणारी, वेगामुळे मागे रेषा सुटलेली अक्षरे आहेत.

माझा तर्क असा आहे की, ज्याला संगणक विकायचा होता त्याने संगणकाची अक्षरे वापरली; ज्याला खेळ विकायचा होता त्याला संगणक नजरेआड करायचा होता. अॅशबी-डे-ला-झूच येथील अल्टिमेट प्ले द गेम या कंपनीचे उदाहरण घ्या. 'सेबर वुल्फ' (१९८४) च्या वेष्टनावर यंत्राचा मागमूस नाही. आधीचे खेळ साडेपाच पौंडांना विकणाऱ्या या कंपनीने तो ९ पौंड ९५ पेन्सना, मोठ्या खोक्यात विकला. ही वाढीव किंमत ग्राहकाने आनंदाने मोजली, त्यात खोक्याच्या भारदस्तपणाचाही वाटा होता असे मी मानतो.

रंगपेटी

टेपरेकॉर्डर यांचे निरीक्षण बरोबर आहे. वेलांटीताईंच्या पहिल्या प्रश्नावर मी थोडे लिहू शकेन, कारण १९८० च्या दशकात मी मुंबईत जाहिरात संस्थेत फिनिशिंगचे काम करत होतो. खेळांची वेष्टने आमच्याकडे येत नसत. पण लेट्रासेट, एअरब्रश, फोटोटाइपसेटिंग ही साधने लंडनमध्ये होती तीच आमच्याकडे होती.

लेट्रासेटचा ताव म्हणजे पारदर्शक फिल्मच्या मागे उलटी छापलेली अक्षरे. निळ्या पेन्सिलीने आधाररेषा आखायची, कारण तो फिका निळा कॅमेऱ्यात उमटत नाही. ताव कागदावर ठेवून हवे ते अक्षर बोथट टोकाच्या साधनाने घासायचे की ते कागदावर उतरते. ताव जुना झाला की अक्षरांना तडे जात. तावावर प्रत्येक अक्षराच्या प्रती ठरावीक असत, त्यामुळे इंग्रजी मजकुरात 'ई' आधी संपे. मग 'एफ' उतरवून त्याला खालचा दांडा जोडत असू. मोठ्या मथळ्यांसाठी दुसरा मार्ग फोटोलेटरिंगचा. फिल्मवरील अक्षरे एकेक करून ब्रोमाइडवर, म्हणजे छायाचित्राच्या कागदावर, उमटवायची. ती एकमेकांत गुंतवता येत, लहान-मोठी करता येत. १९७० च्या दशकातील इंग्रजी मथळे एवढे दाटीवाटीचे दिसतात, त्याचे कारण या तंत्रात आहे. छापखान्यातील धातूच्या खिळ्याला स्वतःची कड असते, फिल्मला ती नसते.

आता चकाकत्या धातूच्या अक्षरांविषयी. तिथे टंक हा केवळ सांगाडा असतो. आधी शीर्षकाचा बाह्याकार ट्रेसिंगवर पक्का करायचा. मग बोर्डावर फ्रिस्केटची, म्हणजे रंग अडवणारी, फिल्म चिकटवून तो आकार कटरने कापायचा. अक्षराच्या वरच्या भागात निळा रंग फवारायचा, तो खाली येताना पांढऱ्यात विरवायचा. मध्यावर एक गडद, किंचित वेडीवाकडी रेषा. तिच्या खाली तपकिरी, तोही पुन्हा फिका होत जाणारा. वर आकाश, मध्ये क्षितिज, खाली जमीन, अशी ती रचना आहे. मोकळ्या माळावर ठेवलेल्या चकचकीत धातूत जे प्रतिबिंब दिसेल, ते प्रत्येक अक्षरात रंगवलेले असते. शेवटी कोपऱ्यांवर पांढऱ्या रंगाच्या ठिणग्या. असे एक शीर्षक पुरे करायला दिवस लागत, आणि ते त्या एकाच कामासाठी असे. आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी प्रत्येक नाटकाला स्वतंत्र शीर्षकाक्षरे दिली. त्या कामाची जातकुळी हीच होती.

वेलांटी

रंगपेटीकाका, आकाश-क्षितिज-जमीन हे वाचल्यानंतर माझ्या संग्रहातील सगळी धातूची शीर्षके मी पुन्हा उघडून पाहिली. आजवर ते नुसते निळे-तपकिरी पट्टे वाटत होते. आपले अनेक आभार.

सांगाडा तयार टंकाचा आणि वरचा साज हाताचा, असे असेल, तर मूळ टंक ओळखण्याची काही खात्रीची रीत आहे का?

केंब्रिजकर

मी इंग्लंडमध्ये राहतो. केंब्रिजच्या सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी या संग्रहालयात ही वेष्टने जवळून पाहता आली आहेत, त्यावरून सांगतो.

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे शीर्षकात दोनदा आलेले अक्षर. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असतील, तर ती तावावरून किंवा फिल्मवरून आलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांची शेपटी, जाडी किंवा कल निराळा असेल, तर रेखाटनकाराने त्या त्या जागेप्रमाणे अक्षर वळवलेले आहे. दुसरी खूण म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या अक्षराचे लांबवलेले पाय. तयार टंकात ते क्वचितच असतात. तिसरी खूण अवघड अक्षरांची आहे : 'एस', 'आर' आणि 'जी' मध्ये टंकरचनाकाराचा हात ओळखू येतो, 'आय' आणि 'एल' मधून काहीच हाती लागत नाही.

वेलांटी यांच्या मूळ मांडणीत एक भर घालाविशी वाटते, ती आकाराची. ब्रिटनमध्ये बहुतेक खेळ कॅसेटवर विकले जात. कॅसेटच्या डबीचा दर्शनी कागद तळहाताएवढा असतो. तेच चित्र आणि तेच शीर्षक मासिकात पूर्ण पानाच्या जाहिरातीत छापले जाई. एकच अक्षरांकन एवढ्या लहान आणि एवढ्या मोठ्या आकारात टिकवायचे, ही साधी मागणी नव्हती. पूर्ण पानावर सुंदर दिसणारी बारीक कडा कॅसेटवर शाईत बुजून जाते. म्हणूनच चांगल्या शीर्षकांत बाहेरून एक जाड, सपाट कड दिसते. पार्श्वभूमीपासून अक्षर सुटे करण्याचे सगळे काम ती कड करते.

निळी_शाई

चर्चा ब्रिटनमध्ये रमली आहे, म्हणून अमेरिकेकडे थोडे वळवतो.

अटारीचा व्हीसीएस १९७७ मध्ये नऊ खेळांसह आला. तो टीव्हीला जोडायचा खेळसंच होता, संगणक नव्हता. पण घरगुती खेळांच्या वेष्टनाचा साचा त्याने घातला, त्यामुळे त्याला वगळता येणार नाही. प्रत्येक खोक्याला एक ठळक रंग, वर चित्र आणि सर्वांवर एकाच पद्धतीची जाड, मोकळी अक्षरे. सुरुवातीच्या काडतुसांवर, म्हणजे खेळ साठवलेल्या कार्ट्रिजवर, चित्रही नव्हते. '०१' हा अंक आणि 'कॉम्बॅट' हे नाव, एवढीच ओळख होती. तोच खेळ सीअर्सच्या दुकानांत 'टँक प्लस' या नावाने, सीअर्सच्या स्वतःच्या वेष्टनात विकला जाई. आतील खेळ एकच, बाहेरील अक्षरे निराळी. अभ्यासासाठी ही जोडी फार मोलाची आहे.

१९७० मध्ये हर्ब लुबालिन, ॲरन बर्न्स आणि एडवर्ड रॉन्डथेलर यांनी न्यूयॉर्कमध्ये इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन, म्हणजे आयटीसी, स्थापन केली. 'अवाँ गार्द गॉथिक', 'मशीन', १९७५ चा 'बाउहाउस', १९७७ चा 'बेंग्विट' हे टंक तिथून परवान्याने जगभर पसरले. त्या काळच्या कोणत्याही मासिकाच्या जाहिरातपानांवर त्यांचा वावर दिसतो, आणि संगणक-मासिके त्याला अपवाद नव्हती. ॲपलचे उदाहरण मात्र वेगळे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८४ पर्यंत ॲपलच्या नावासाठी 'मोटर टेक्टुरा' हा टंक वापरला गेला. ऑस्ट्रियाच्या ओथमार मोटर यांनी तो १९७५ मध्ये घडवला होता. त्यात भविष्याची चाहूल आहे, पण धनादेशाच्या अंकांची छाया नाही. १९८४ नंतर ॲपलने गॅरामाँडचे अरुंद रूप स्वीकारले, म्हणजे थेट सोळाव्या शतकाच्या वळणाकडे मोर्चा वळवला. टेपरेकॉर्डर म्हणतात तसा संगणक नजरेआड करण्याचा प्रयत्न खुद्द संगणक विकणाऱ्यांनीही केला, असे यावरून मला वाटते.

१९८२ मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९८३ च्या आपल्या पहिल्या खेळांना ग्रामोफोन तबकडीच्या वेष्टनासारखी चपटी, उघडणारी वेष्टने दिली आणि त्यांवर खेळाच्या कर्त्यांची नावे कलावंतांच्या मानाने छापली. ज्या जाहिरातीत त्यांनी 'संगणक आपल्याला रडवू शकतो का', असा प्रश्न विचारला, तिच्यात खेळाचा एकही देखावा नाही. कर्त्यांचे छायाचित्र आणि मजकूर, एवढेच आहे. तो मजकूर लोकांनी पुस्तकाच्या पानासारखा शांतपणे वाचावा, अशीच त्याची जुळणी आहे.

बोरीबंदर

निळी_शाई यांनी इन्फोकॉम या कंपनीचा उल्लेख करायला हवा होता. त्यांचे खेळ केवळ मजकुराचे होते, त्यात चित्र नव्हतेच. 'डेडलाइन' (१९८२) च्या खोक्यात तपासाची कागदपत्रे, जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल आणि गोळ्यांची पुडीही होती. ती कागदपत्रे वेगवेगळ्या कचेऱ्यांतून आल्यासारखी वाटावीत, यासाठी त्यांची अक्षरेही तशीच निवडलेली होती. खेळाडू पडद्यावर एक ओळ वाचत असे आणि हातातील कागदाशी ती ताडून पाहत असे. वेष्टनातील अक्षरांना खेळातच भूमिका मिळाल्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मुळामुठा

बोरीबंदर यांना अनुमोदन. वाचनखूण साठवली आहे.

आणखी एक विचारतो. आज जुन्या खेळांच्या आठवणीने निघणारे सदरे, पेले, पुस्तके यांवर सर्रास ठिपक्याठिपक्यांची अक्षरे असतात. त्या काळच्या वेष्टनांवर ती होती का?

टेपरेकॉर्डर

जवळजवळ नव्हती, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पडद्यावरील ठिपक्यांची अक्षरे ही मर्यादा होती. ८×८ च्या चौकोनात मावेल तेच अक्षर. स्पेक्ट्रमवर एका ओळीत ३२ आणि कमोडोर ६४ या संगणकावर ४० अक्षरे बसत. वेष्टन करणारा चित्रकार त्या मर्यादेतून बाहेर पडण्यासाठीच नेमलेला असे. तो ठिपके कशाला काढेल? ठिपक्यांची अक्षरे म्हणजे त्या काळाची खूण, हे आपण मागाहून ठरवले आहे.

निळी_शाई

>> ठिपक्यांची अक्षरे म्हणजे त्या काळाची खूण, हे आपण मागाहून ठरवले आहे.

बहुतांशी मान्य, पण एक ठळक अपवाद नोंदवायला हवा. १९८५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेत आपला खेळसंच आणला, तेव्हाच्या पहिल्या काळ्या खोक्यांवर पडद्यावरील ठिपक्यांची चित्रेच मोठी करून छापली होती. १९८३ मध्ये अमेरिकेतील बाजार कोसळला होता. भव्य चित्र पाहून खेळ घ्यावा आणि आत भलतेच निघावे, या अनुभवाने ग्राहक सावध झाला होता. त्याच्यासमोर खरे रूप ठेवणे शहाणपणाचे होते. म्हणजे ठिपके वेष्टनावर आले, ते आठवणी जागवण्यासाठी नव्हे, तर विश्वास मिळवण्यासाठी.

वेलांटी

हा मुद्दा अतिशय मोलाचा आहे. टेपरेकॉर्डर, आपल्या वाक्यावरून सुचले म्हणून विचारते : वेष्टनावरील शीर्षक आणि कॅसेट चालू केल्यावर पडद्यावर प्रथम उमटणारे चित्र, यांची तुलना आपण कधी केली आहे का?

टेपरेकॉर्डर

अवश्य केली आहे, आणि या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकेन.

स्पेक्ट्रमचे पूर्ण पडद्याचे चित्र ६,९१२ बाइटचे असते. त्यांतील ६,१४४ बाइटमध्ये ठिपके आणि उरलेल्या ७६८ मध्ये रंग. कॅसेटवरून आधी ठिपके येतात आणि रंग सर्वांत शेवटी. शिवाय पडद्याची स्मृती सलग ओळींत मांडलेली नाही. पडद्याचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागात आधी दर आठवी ओळ भरते, मग तिच्या खालची, असे चालते. त्यामुळे शीर्षक एकदम दिसत नाही. आधी पट्ट्यापट्ट्यांनी विरळ आकार येतो, तो दाट होत जातो, अक्षर ओळखू येऊ लागते, आणि सगळे काळ्या-पांढऱ्यात पूर्ण झाल्यावर रंग वरून खाली झरझर उतरतात. वेष्टनावर रंगवलेली धातूची अक्षरे दोन रंगांच्या चौकोनांत बसवणे हे मोठ्या कौशल्याचे काम होते. निळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी छटा दाखवायला मधले रंग नसल्याने ठिपक्यांची घनता कमी-जास्त करत, आणि अक्षराची कड शक्य तिथे आठ ठिपक्यांच्या सीमेवर आणून ठेवत, म्हणजे शेजारचा रंग आत शिरत नसे. काही शीर्षके वेष्टनापेक्षा पडद्यावर थोडी सरकलेली किंवा रुंद दिसतात, त्यामागे हे कारण असते.

रंगपेटी

टेपरेकॉर्डर, हे वाचून मनापासून समाधान वाटले. रोटरिंग पेनाने ठिपके देऊन छटा काढायला आम्ही शिकलो होतो, तेच तंत्र त्या मुलांनी पडद्यावर स्वतः शोधून काढलेले दिसते.

बोरीबंदर

अक्षरे वाचता येणे आणि अक्षरे पाहाविशी वाटणे, यांतील ओढाताणीवरही कोणीतरी लिहावे. लिव्हरपूलच्या सिग्नोसिस या खेळ-कंपनीचे बोधचिन्ह आणि अनेक वेष्टने रॉजर डीन यांनी केली. रॉक संगीताच्या तबकड्यांच्या वेष्टनांमुळे ते आधीच प्रसिद्ध होते. अमिगा या संगणकावरील त्यांचा 'शॅडो ऑफ द बीस्ट' (१९८९) हा खेळ मोठ्या खोक्यात, सोबत सदरा घालून, सुमारे ३५ पौंडांना विकला गेला. डीन यांची अक्षरे वितळून पुन्हा गोठल्यासारखी असतात. नाव आधी ठाऊक नसेल तर वाचायला वेळ लागतो. एवढी किंमत मागणाऱ्या वेष्टनावर नाव चटकन वाचता येऊ नये, हे मला अजूनही योग्य वाटत नाही.

रंगपेटी

बोरीबंदर, इथे माझा आपल्याशी मतभेद आहे. सिग्नोसिसच्या काळ्या खोक्यावरील घुबडाचे चिन्ह ग्राहक ओळखत होता. कंपनीचे नाव त्याला वाचण्याची गरजच नव्हती. आणि कठीण वळणाचे अक्षर माणसाला क्षणभर थांबवते. मांडणीवर शेकडो खोके असताना क्षणभर थांबवणे हीच मोठी कमाई आहे. स्वस्त मालाचा न्याय वेगळा असतो. मास्टरट्रॉनिकचे खेळ १ पौंड ९९ पेन्सना वर्तमानपत्रांच्या दुकानांतही मिळत. तिथे अक्षर स्वच्छच हवे, कारण ग्राहक थांबत नाही, जाता जाता उचलतो.

केंब्रिजकर

वेलांटी यांच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येताना एक वर्ग राहून गेला आहे, तो म्हणजे परवान्याने आलेली शीर्षके. 'घोस्टबस्टर्स' (१९८४) किंवा ओशनचा 'रोबोकॉप' (१९८८) यांची अक्षरे चित्रपटासाठी आधीच ठरलेली होती. वेष्टनकाराने ती केवळ बसवली. अशी शीर्षके वेगळी काढली नाहीत, तर त्या काळचे वेष्टनकार काय निवडत होते याविषयीचे निष्कर्ष चुकतील. चित्रपटांवरचे आणि नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवरचे खेळ दशकाच्या उत्तरार्धात खूप वाढले, त्यामुळे हा वर्ग लहान नाही.

खिळाकार

केंब्रिजकर यांच्या सूचनेत काळाची एक सीमाही जोडावी, असे सुचवतो. १९८५ मध्ये ॲपलचा लेझरप्रिंटर आणि पाने मांडण्याचा पेजमेकर हा कार्यक्रम आले आणि मजकुराची जुळणी हळूहळू टेबलावरील संगणकाकडे सरकली. नियमावलीच्या पुस्तिका आणि वेष्टनाच्या मागील बाजूचा मजकूर यांत हा बदल आधी दिसेल, दर्शनी शीर्षकात सर्वांत शेवटी, कारण एअरब्रशच्या तोडीचे काम करणारी साधने पुढील काही वर्षे नव्हती. लेट्रासेटचे जुने टंक नंतर संगणकासाठी पुन्हा काढले गेले. 'डेटा ७०', 'काउंटडाउन', 'वेस्टमिन्स्टर' आज विकत मिळतात. संगणकाची म्हणून ओळखली जाणारी ही अक्षरे प्रत्यक्ष संगणकात आली, ती अशी इतक्या उशिरा. तुलना करताना मात्र या नव्या प्रती वापरू नयेत. मूळ तावांच्या छापील सूचीपत्रांतील नमुने वापरावेत, कारण ओळखीचे काम अक्षराच्या बारीक कोपऱ्यांवर ठरते.

वेलांटी

सर्वांचे आभार. या चर्चेमुळे माझी वर्गवारी बदलली आहे. तयार टंक आणि हाताचे रेखाटन अशा दोनच रकान्यांऐवजी मी आता तयार टंक, तयार सांगाड्यावर हाताचा साज, पूर्ण रेखाटन आणि परवान्याने आलेले शीर्षक असे चार रकाने करते आहे. प्रत्येक खेळासाठी कॅसेटचा कागद, मासिकातील जाहिरात आणि पडद्यावरील पहिले चित्र ही तिन्ही रूपे शेजारी ठेवणार आहे. 'डेटा ७०' आणि त्याच्या भावंडांची नोंद खेळ व उपयोगी कार्यक्रम अशी वेगळी ठेवेन, म्हणजे टेपरेकॉर्डर यांचा तर्क कितपत टिकतो ते पाहता येईल.

टेपरेकॉर्डर, आपल्या संग्रहातील कागदांच्या प्रतिमा मिळू शकतील का?

टेपरेकॉर्डर

आनंदाने देईन. येत्या रविवारपासून सुरुवात करतो. प्रतिमा कोणत्या पद्धतीने हव्यात, तेवढे सांगावे.

रंगपेटी

वेलांटीताईंच्या आधी मीच सांगतो. कागद डबीतून काढून पूर्ण उलगडावा आणि सहाशे डीपीआयला रंगीत स्कॅन करावा. कणा आणि मागची बाजू वगळू नये. कण्यावर तेच नाव अरुंद जागेत बसवावे लागत असल्याने तिथे रेखाटन सोडून साधा टंक वापरलेला असतो, आणि दर्शनी शीर्षकाचा सांगाडा कोणता होता याचा पहिला धागा पुष्कळदा तिथेच सापडतो. घडीवर शाई उडालेली असेल, तर तिथे संगणकावर दुरुस्ती करू नये. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत चित्रकाराचे किंवा छापखान्याचे नाव असेल, तर त्याची वेगळी, आणखी मोठी प्रतिमा घ्यावी.